काउंट कमी आला, तो टेन्शनमुळेच का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

ऐरोलीला राहणारे 34 वर्षांचे वाचक महाप्याच्या एका कंपनीत आहेत. शिफ्ट संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. पत्नी 31 वर्षांची, शाळेत शिकवते, सकाळी पावणेसातला घर सोडते. दीड वर्षापासून बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. पत्नीच्या रक्ततपासण्या झाल्या, तीन महिने फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे स्त्रीबीजाची वाढ बघणारी सोनोग्राफी झाली, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघणारी एचएसजीही झाली. सगळं नॉर्मल. शेवटी नोव्हेंबरमध्ये यांनी गुपचूप वीर्यतपासणी केली. काउंट 11 मिलियन, पुढे सरकणारे शुक्राणू 22 टक्के, डीएनए फ्रॅगमेंटेशन 34 टक्के. लॅबमध्ये सांगितलं, "ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस दिसतोय", आणि महिन्याला 2,700 रुपयांच्या गोळ्यांचं पाकीट सुचवलं.

हे वाचक लिहितात: "मी पहिल्यापासून काळजी करणारा. म्हणजे माझ्या टेन्शननेच हे झालं. आता टेन्शन घ्यायचं नाही म्हणतो, तर त्याचंच टेन्शन येतं. बायकोला आणि तिच्या डॉक्टरांना माझा रिपोर्ट नॉर्मल आहे असं सांगितलंय. डॉक्टर आता तिची लॅपरोस्कोपी करू म्हणतात. 'त्या' दिवशी माझ्याकडून काही होतही नाही. आई तिलाच बोलते. राजीनाम्याचा मेल लिहून ठेवलाय. नोकरी सोडून सहा महिने शांत राहिलो तर फरक पडेल का?"

उत्तर

राजीनामा पाठवू नका. ज्या कारणासाठी तो द्यायला निघाला आहात, ते कारणच कच्चं आहे.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे मनावरचा ताण नव्हे. ही पेशीतली रासायनिक घडामोड आहे. पेशी ऑक्सिजन वापरते तेव्हा काही अतिक्रियाशील रेणू तयार होतात आणि शरीरातली अँटिऑक्सिडंट यंत्रणा त्यांना आवरते. आवरणं कमी पडलं की शुक्राणूला त्याची झळ इतर पेशींपेक्षा लवकर बसते. एक तर त्याच्या बाहेरच्या पडद्यात असंतृप्त स्निग्धाम्लं भरपूर असतात, आणि ती उघड्या बाटलीतल्या जवसाच्या तेलासारखी चटकन खवट होतात. शिवाय शुक्राणूत पेशीद्रव जवळजवळ नसतंच, त्यामुळे संरक्षण करणारी एन्झाइम्सही तुटपुंजी. त्याची राखण मुख्यतः भोवतीच्या वीर्यद्रवाकडून होते. पडदा बिघडला की शेपटीची हालचाल मंदावते, म्हणून मोटिलिटी घसरते. मारा आणखी वाढला तर आतल्या डीएनएचे धागे तुटतात. तुमच्या रिपोर्टमधले 34 टक्के ते हेच. ही माहिती काही कालपरवाची नाही. भरपूर ऑक्सिजन दिलेल्या द्रवात मानवी शुक्राणूंची हालचाल थंडावते आणि कॅटलेज हे एन्झाइम घातलं की ती टिकते, हे संशोधक जॉन मॅक्लिओड यांनी 1943 मध्येच दाखवून दिलं होतं.

गोळ्यांच्या जाहिरातीत न येणारी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. हे रेणू थोड्या प्रमाणात लागतातच. स्त्रीच्या शरीरात पोहोचल्यावर शुक्राणूला बीज फलित करण्यासाठी जी तयारी करावी लागते, ती त्यांच्याशिवाय होत नाही. त्यामुळे ते पार संपवून टाकणं हे उद्दिष्टच नाही.

आता हे रेणू वाढतात कशाने? तंबाखू, वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोसील, जंतुसंसर्ग, नुकताच येऊन गेलेला मोठा ताप, वृषणांना मिळणारी जादा उष्णता, लठ्ठपणा, आटोक्यात नसलेला मधुमेह. मनाची काळजी या यादीत असलीच तर बरीच खाली, आणि बहुतेक वेळा ती आडवाटेने येते: झोप मोडते, सिगारेटी वाढतात, जेवणाचं गणित बिघडतं, शरीरसंबंध टळतात. मेंदूकडून जाणारी थेट वाटही आहे. ताणात कॉर्टिसॉल वाढतं, मेंदूकडून वृषणांना जाणारे हॉर्मोनचे इशारे मंदावतात, टेस्टोस्टेरॉन थोडं उतरू शकतं. पण "मी काळजीखोर आहे" एवढ्याने काउंट 11 मिलियनवर येतो असं म्हणायला आधार नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्या 193 पुरुषांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात आयुष्यात मोठे आघात झालेल्या पुरुषांत शुक्राणूंची हालचाल आणि आकार थोडे खालावलेले होते. कामाच्या ताणाचा वीर्याच्या दर्जाशी थेट संबंध मात्र दिसला नाही. उलट बेरोजगार पुरुषांचे आकडे नोकरदारांपेक्षा खराब होते. अशा एका अभ्यासावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण राजीनाम्याच्या बाजूने तर तो नक्कीच बोलत नाही.

आता तुमचा रिपोर्ट. त्याच्याभोवतीची हकिगत तुम्ही ओझरती लिहिली आहे, आणि खरी माहिती तिच्यातच आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्हाला डेंग्यू झाला, सहा दिवस 103 पर्यंत ताप होता. तपासणी नोव्हेंबरच्या मध्यात झाली. शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, मग बाहेर पडण्याजोगं व्हायला आणखी आठवडा-दोन आठवडे. म्हणजे त्या दिवशी डबीत आलेले शुक्राणू तुमच्या तापाच्या दिवसांत अर्धवट घडलेले होते. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिने काउंट आणि मोटिलिटी खाली राहते, डीएनएचा आकडा वर जातो.

मित्राने सांगितलं म्हणून तुम्ही दहा दिवस थांबून नमुना दिलात. थांबायचं असतं ते दोन ते सात दिवस. जास्त थांबलं की संख्या फुगते, पण साठून राहिलेल्या शुक्राणूंची हालचाल कमी आणि डीएनएची मोडतोड जास्त निघते.

त्यानंतर तो नमुना घरून बाइकच्या डिकीत घालून ठाण्याच्या नौपाड्याला नेलात आणि विटाव्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात. सगळे मिळून दीड तास. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोहोचून तपासायला लागलेला असला पाहिजे, आणि वाटेत तो फार तापूही नये, गारही पडू नये. एवढ्या वेळात हालचाल खाली येतेच.

थोडक्यात, या कागदावरून निदान करण्याची घाई नको. पुढची तपासणी जानेवारीच्या शेवटी करा, म्हणजे तापाला साडेतीन महिने होऊन गेलेले असतील. तीन-चार दिवसांचं अंतर ठेवा. जमलं तर लॅबमधल्याच खोलीत नमुना द्या. तिथे जमत नसेल तर घरून न्या, पण डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून ट्रान्स-हार्बर लोकलने जा. ऐरोलीनंतर दिघा गाव, मग ठाणेच. नमुन्याचा पहिला भाग सांडला तर लाजू नका, सांगून टाका. सर्वाधिक शुक्राणू त्याच भागात असतात, आणि तो गेला तर काउंट उगाच कमी दिसतो.

रिपोर्टवर छापलेल्या "नॉर्मल" आकड्यांबद्दलही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या नियमावलीत किमान मर्यादा अशा आहेत: प्रमाण 1.4 मिली, काउंट मिलीलिटरला 16 मिलियन, एकूण 39 मिलियन, पुढे सरकणारे 30 टक्के, नीट आकाराचे 4 टक्के. ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांना तपासून हे आकडे काढले आहेत, आणि त्या बाप झालेल्यांतलेही शंभरात पाच जण प्रत्येक आकड्याच्या खाली होते. त्यामुळे रेषेखाली आलं म्हणजे नापास असं नाही. तुमचा नमुना 2.4 मिली होता. त्याला 11 ने गुणलं तर एकूण 26 मिलियन, आणि त्यातले 22 टक्के म्हणजे सुमारे 58 लाख पुढे जाणारे शुक्राणू. कमी आहेत. शून्य नाहीत.

त्याच कागदावर "पस सेल्स 8–10" आहे आणि त्यासाठी कुणीतरी तुम्हाला दहा दिवसांचं अँटिबायोटिक दिलंय. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पू-पेशी आणि कच्चे शुक्राणू दोन्ही गोलच दिसतात. पेरॉक्सिडेज नावाचा रंग वापरल्यावर फरक कळतो, आणि खऱ्या पू-पेशी मिलीलिटरला दहा लाखांच्या वर असतील तरच संसर्गाचा विचार होतो. लघवीला जळजळ नाही, ताप नाही, कल्चर केलेलं नाही, अशा वेळी अँटिबायोटिकचा कोर्स आंधळाच म्हणायचा. पुढच्या वेळी ही रंगतपासणी मागून घ्या.

आता पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ, जी तुम्ही शेवटी ताजा कलमात टाकली आहे: "संध्याकाळी उभं राहून डाव्या बाजूला जड वाटतं, पण ते बहुतेक बाइकमुळे असेल." दीड वर्षात तुमच्या पत्नीच्या एवढ्या तपासण्या झाल्या आणि तुम्हाला एकाही डॉक्टरने हात लावून तपासलेलं नाही! हे आपल्याकडे सर्रास चालतं. मूल नाही म्हटलं की बाईने स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं, पुरुषाने डबी द्यायची. व्हेरिकोसील सर्वसाधारण पुरुषांत शंभरात पंधरा जणांना असतं, काउंट कमी असलेल्यांत पस्तीस-चाळीस जणांना, आणि बहुतेक डावीकडेच. शिरांत रक्त तुंबतं, वृषण गरम राहतं, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो. तुम्ही ज्या दोन शब्दांवरून स्वतःला दोष देताय, त्यांचं मूळ मनात नसून इथे असू शकतं.

पुरुषांच्या वंध्यत्वाचं काम करणाऱ्या यूरोलॉजिस्टकडे किंवा अँड्रॉलॉजिस्टकडे जा. यासाठी जानेवारीची वाट बघू नका. तपासणी उभं राहून होते, खोकायला किंवा पोटावर जोर द्यायला सांगतात, दोन्ही वृषणांचा आकार बघतात. पाच मिनिटांचं काम. हाताला लागणाऱ्या शिरा आणि बिघडलेला रिपोर्ट अशी जोडी असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि तिचा परिणाम कळायला तीन ते सहा महिने जातात. फक्त सोनोग्राफीत दिसणाऱ्या, हाताला न लागणाऱ्या बारीक शिरांसाठी ऑपरेशन करू नये. सोबत एफएसएच आणि एलएच (मेंदूकडून वृषणांना इशारे देणारी हॉर्मोन्स), टेस्टोस्टेरॉन आणि एचबीए1सी (तीन महिन्यांतली सरासरी साखर) या रक्ततपासण्या होतील. टेस्टोस्टेरॉन सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, पण तुमच्या बाबतीत रात्रपाळी करून आल्यावर थेट नको. आकडा फसवा येईल. सुट्टीत दोन रात्री नीट झोपून मग द्या. दुसऱ्या तपासणीत काउंट 5 मिलियनच्या खाली आला तर जनुकीय तपासण्यांचा प्रश्न येतो. आज तो विषय नाही.

गोळ्यांच्या पाकिटाबद्दल माझं मत सरळ आहे: लॅबच्या काउंटरवरून औषध घेऊ नये. अँटिऑक्सिडंटने ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी व्हावा हा तर्क कागदावर बरोबर वाटतो, पण मोठ्या प्रयोगांत तो टिकलेला नाही. 2020 मध्ये अमेरिकेत 2,370 पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. अर्ध्यांना सहा महिने रोज 30 मिलिग्रॅम झिंक आणि 5 मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, उरलेल्यांना नकली गोळी. मूल जन्माला येण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच राहिलं. औषधवाल्या गटात पोटाच्या तक्रारी वाढल्या आणि डीएनएची मोडतोड उलट थोडी जास्त निघाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात व्हिटॅमिन सी, ई, सेलेनियम, कार्निटिन, लायकोपिन असं सगळं एकत्र दिलं होतं; तीन महिन्यांनी काउंट, मोटिलिटी, डीएनए, कशातच सुधारणा दिसली नाही. छोट्या प्रयोगांतून काही फायदा सुचवला गेला आहे, म्हणून काही डॉक्टर तीन महिने देऊन बघतात, तेही समजण्यासारखं आहे. पण तुमच्याकडे आताच दोन पाकिटं आणि वर अश्वगंधा आहे. लेबलं शेजारी ठेवून बेरीज करा. सेलेनियम दिवसाला 400 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये, केस गळतात, नखं ठिसूळ होतात. झिंक दीर्घकाळ 40 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. अश्वगंधेने थायरॉइड आणि यकृताला त्रास झाल्याची उदाहरणं आहेत. डॉक्टरांना तिन्ही डब्या दाखवा आणि फार तर एक चालू ठेवा.

जिममधला मित्र टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवतोय, त्याला मात्र ठाम नाही म्हणा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो आणि शुक्राणू बनणं जवळजवळ बंद पडतं. याच गुणामुळे पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक म्हणून त्याच्यावर प्रयोग झाले आहेत. बंद केल्यावर पूर्ववत व्हायला सहा महिने किंवा त्याहून जास्त लागू शकतात. "हर्बल बूस्टर"च्या बिननावाच्या डब्यांचंही तेच: आत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

ते 2,700 रुपये खरं तर बाजारात खर्च करण्याजोगे आहेत. पेरू, आवळा, टोमॅटो, पालेभाज्या, मूठभर शेंगदाणे, जवसाची चटणी, आठवड्यातून दोनदा बांगडा. अक्रोडाचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे: 117 निरोगी तरुणांपैकी निम्म्यांना बारा आठवडे रोज 75 ग्रॅम अक्रोड दिले, त्यांची मोटिलिटी सुधारली. पण ते तरुण निरोगी होते, आणि रोज 75 ग्रॅम अक्रोड म्हणजे महिन्याला सव्वादोन किलो. भाव तुम्हाला माहीत आहे.

खरा फायदा सिगारेट सोडण्यात आहे. शिफ्टमध्ये सहा-सात होतात असं लिहिलंय. "फक्त तंबाखू-चुना खातो, ओढत नाही" म्हणणाऱ्या वाचकांनाही हे लागू आहे. धुरातलं कॅडमियम आणि इतर द्रव्यं वीर्यात पोहोचतात, आणि तिथल्या अँटिऑक्सिडंटचा साठा दिवसेंदिवस त्यांनाच तोंड देण्यात जातो. निकोटिन गम घेणार असाल तर चुइंगगमसारखा सतत चघळू नका. तिखट लागेपर्यंत हळू चावा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा, असं अर्धा तास. टपरीवरचा चहा पिऊन लगेच गम तोंडात टाकला तर निकोटिन नीट शोषलं जात नाही. मध्ये पंधरा मिनिटं जाऊ द्या. मदतीसाठी 1800-11-2356 ही मोफत राष्ट्रीय क्विटलाइन आहे. आज सोडली तरी परिणाम रिपोर्टमध्ये दिसायला तीन महिने लागतील, हे गणित इथेही सुटत नाही.

उष्णतेचं थोडक्यात. वृषणं शरीरापेक्षा दोन ते चार अंश गार राहावीत म्हणूनच बाहेर असतात. लॅपटॉप मांडीवर नको, कढत पाण्यात बसणं नको, घट्ट अंतर्वस्त्रं नकोत. 2018 च्या एका अभ्यासात 656 पुरुषांपैकी सैल बॉक्सर वापरणाऱ्यांची शुक्राणूंची घनता 25 टक्के जास्त होती. कारण तेच असेल असं नाही, पण बॉक्सरला खर्च तो किती?

आणि आता शिफ्ट. तुम्ही सव्वाचारला घरी येता, तेव्हा पत्नी झोपलेली असते. ती पावणेसातला जाते. संध्याकाळी ती दमून येते आणि तुम्ही तासाभरात कॅबमध्ये. म्हणजे शनिवार-रविवार सोडला तर तुम्ही दोघं एकत्र जागे असता किती वेळ? स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम दिवसभर टिकतं, शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच असे महिन्यात सहाच दिवस उपयोगाचे. 28 दिवसांची पाळी असेल तर साधारण नववा ते चौदावा. हे दिवस वीकेंडला आले नाहीत की तो महिना तुमच्यासाठी कोराच गेला. अठरा महिन्यांतले खरे प्रयत्न मोजा. आकडा बराच कमी निघेल असा माझा अंदाज आहे. डॉक्टरांना हे कुणी सांगत नाही, कारण विचारलं जातं ते फक्त "किती दिवस प्रयत्न करताय?"

म्हणून नोकरी सोडण्याऐवजी शिफ्ट मागा. तीन महिने दिवसपाळी, नाहीतर महिन्यातला तो एक आठवडा घरून काम. कारण "वैद्यकीय उपचार" एवढंच पुरे. ते मिळेपर्यंत सकाळी खोलीत जाड पडदे, सात तास झोप आणि मुख्य जेवण रात्री नऊच्या आत. पहाटे तीनचा वडापाव बंद.

"त्या दिवशी काही होत नाही" याचीही गाठ इथेच आहे. झोपेतून उठल्यावर ताठरता येते, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे शरीराची यंत्रणा शाबूत आहे. अ‍ॅपने सांगितलेली तारीख, थकलेली बायको, घड्याळात अर्धा तास. अशा वेळी न जमणं हा आजार नाही. तारखेचा नाद सोडा, पाळी संपल्यापासून दिवसाआड जवळ या, म्हणजे कुठल्याच एका रात्रीवर भार पडत नाही आणि दहा दिवसांचं साठणंही होत नाही. वंगणासाठी थुंकी किंवा साधं जेल वापरू नका, शुक्राणूंची हालचाल मंदावते. तरी अडचण राहिली तर त्याच अँड्रॉलॉजिस्टला सांगा. तात्पुरती गोळी देता येते, पण ती मेडिकलमधून परस्पर आणू नका, विशेषतः हृदयाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर.

मग मनाचं काय? काउंटसाठी मन शांत करायला जाऊ नका. तो व्यवहार फसतो, कारण मग प्रत्येक काळजी गुन्हा वाटू लागते. "टेन्शन सोड, आपोआप होईल" हे सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पुरावा मात्र कच्चा. 2011 मध्ये 14 अभ्यासांतल्या 3,583 स्त्रियांची माहिती एकत्र केली, तेव्हा उपचारांआधीच्या मानसिक त्रासाचा आणि गर्भ राहण्या-न राहण्याचा संबंध आढळला नाही. मनाचे उपचार करायचे ते तुम्हाला त्रास होतोय म्हणून. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास वाटलं का, आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर "हो" असेल तर समुपदेशकाशी बोला. ठाण्यात 1990 पासून आयपीएच ही संस्था याच कामात आहे; फोनवर बोलायचं तर सरकारची टेलि-मानस सेवा 14416 वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही. जीव नकोसा वाटत असेल तर उद्यावर ढकलू नका, आत्ताच हा क्रमांक लावा. ज्या वाचकांना नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत त्यांच्यासाठी: काहींनी वीर्यपतन लांबतं, शुक्राणूंवर परिणाम झाल्याचेही काही पुरावे आहेत, पण म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. बदलून मिळतात.

राहिली पत्नी. तुम्हाला वाटतंय की दुसरा रिपोर्ट चांगला आला की सांगू. तोवर थांबता येणार नाही. तिचे डॉक्टर खोट्या माहितीवर पुढची पायरी ठरवताहेत. लॅपरोस्कोपी म्हणजे भूल, पोटाला छेद, आठवडाभर दुखणं, आणि ते "नवऱ्याचं सगळं ठीक आहे" या तुमच्या वाक्यावर. एचएसजीच्या टेबलावर ती कळवळली तेव्हा तुम्ही बाहेर बाकावर होता, असं तुम्हीच लिहिलंय. या रविवारी सांगा. घरात आई असेल तर बाहेर जा, पण गर्दीच्या हॉटेलात नको. रिपोर्ट छापून न्या, मोबाइलमधला फोटो पुढे करू नका. आधी रिपोर्टचं सांगा, लगेच खोटं बोलल्याचं सांगा, आणि मग गप्प राहा. ती चिडेल. रिपोर्टवर कमी, लपवल्यावर जास्त. "मी तुला त्रास होऊ नये म्हणून..." असं सुरू करू नका, कारण त्रास तिलाच झाला आहे. सोमवारी दोघांनी मिळून तिच्या डॉक्टरांना फोन करून लॅपरोस्कोपी पुढे ढकला.

आईंना रिपोर्टचे आकडे कळायची गरज नाही. त्यांना एवढंच सांगा, तेही सुनेने नव्हे, तुम्ही: "आई, तपासण्या दोघांच्याही चालू आहेत, माझीही औषधं आहेत, तिला काही बोलायचं नाही." सोळा सोमवार करायचे तर दोघांनी करा, नाहीतर कुणीच नको. नातेवाइकांच्या हळदीत "गुड न्यूज कधी?" विचारणाऱ्यांना उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. तिथल्या दारूलाही तूर्त नाही म्हणा.

वेळेचं बोलायचं तर पत्नी 31 वर्षांची आहे, त्यामुळे चार-सहा महिने नीट प्रयत्न करायला हरकत नाही. ती 35 च्या पुढे असती तर सल्ला वेगळा असता. तिथे सहा महिन्यांतच तज्ज्ञाकडे जावं लागतं आणि पुरुषाचे उपचार व आयव्हीएफचा विचार बरोबरीने चालतो. जूनपर्यंत काही झालं नाही तर दोन्ही रिपोर्ट घेऊन आययूआय (धुतलेला वीर्याचा नमुना थेट गर्भाशयात सोडणं) की पुढचं, ते ठरवा. आययूआय करायचं की नाही हे धुतलेल्या नमुन्यात पुढे पळणारे किती उरतात त्यावर ठरतं, आणि 50 लाखांच्या खाली यश कमी मिळतं. क्लिनिक निवडताना 2021 च्या एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर आहे का ते बघा, खर्च औषधांसह लेखी मागा, आणि तुम्हाला तपासायला तिथे अँड्रॉलॉजिस्ट येतात का ते विचारा. नवऱ्याला हात न लावता पहिल्याच भेटीत आयव्हीएफचं पॅकेज पुढे केलं तर माहितीपत्रक घ्या आणि दुसरीकडची अपॉइंटमेंट घ्या.